कल्याणरावांचं मनगट

बोरीच्या पेठेतले किराणा दुकानदार कल्याणराव यांचं डावं मनगट टाळी घेताना मोडलं. पडून नाही, पोतं उचलताना नाही, गाडीच्या चाकाखाली येऊन नाही. टाळी घेताना. बरं, ज्या विनोदावर ती टाळी होती तो तरी चांगला असावा की नाही? तोही नव्हता. तहसीलदाराच्या खेचराचा तो विनोद निजामाच्या वेळेपासून बोरीत चालू होता. मध्ये पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण खेचर होतं तिथंच होतं, आणि कल्याणराव बाजारच्या दिवशी ते हटकून बाहेर काढायचे.

टाळी देणारे होते आप्पाराव. पैलवान वगैरे नव्हेत. वारा सुटला की लोक धोतर सावरतात, आप्पारावांनी स्वतःला सावरावं अशी अंगकाठी. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. आप्पारावांची बायको वारल्यापासून तर त्यांचा सगळा दिवस कल्याणरावांच्या दुकानाच्या पायरीवरच जायचा. पेडगावला दिलेली त्यांची मुलगी कोकिळा मात्र सारखी मागं लागली होती, की आबा, एकटे राहून करपलेल्या भाकरी कशाला खाता, आमच्याकडं या. शेवटी आप्पारावांनी शेत बटईनं लावून दिलं, बोचकं बांधलं, आणि त्या दिवशी जावई लिंबाजी गाडी घेऊन न्यायला आला. गाडी दुकानापुढं उभी होती. आप्पाराव निरोप घ्यायला पायरीवर बसले होते.

आता निरोप घ्यायचा म्हणजे काहीतरी बोलावं लागतं. तेच दोघांनाही जमत नव्हतं. आप्पाराव उपरण्याच्या टोकाला गाठ मारत होते आणि सोडत होते. कल्याणराव गिऱ्हाईक नसताना हळद जोखत होते. तीच हळद दुसऱ्यांदा जोखून झाली तसं कल्याणरावांनी घाईघाईनं खेचर बाहेर काढलं. विनोद संपला. उजव्या हातात तराजू होता, म्हणून त्यांनी डावा पुढं केला. आप्पारावांच्या मनात त्या वेळी बरंच काही दाटून आलं होतं. त्या सगळ्याची त्यांनी एकदम टाळी केली.

कट्ट आवाज झाला. कल्याणरावांना आधी वाटलं, तराजूची दांडी मोडली.

"आप्प्या! हात मोडलास की रं माझा!"

"टाळीनं कुटं हात मोडत असतोय का?"

"मग हे काय लोंबायलंय?"

आतून कल्याणरावांची बायको उमादेवी पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. मनगट बघता बघता वांग्याएवढं झालं. आप्पाराव स्वतःच्या तळव्याकडं असे बघत राहिले, जणू तो कुणीतरी बदलून नेला असावा. मग त्यांनी गाडीतलं बोचकं उतरवलं आणि जावयाला सांगितलं, "लिंबाजी, तुमी जावा. कोकिळाला म्हणावं, कल्याणचा हात बरा झाल्याबिगर मी काय येत न्हाई."

आणि गाडी रिकामी गेली.

कल्याणरावांच्या त्या मनगटात दिवाळीच्या आधीपासून बारीक ठणका होता, ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. उमादेवींना कळलं असतं तर त्यांनी कडू काढे पाजले असते. आता तर ते सांगायची सोयच उरली नाही. हात आप्प्यानं मोडला हे सगळ्या पेठेनं बघितलं होतं.

देवगाव फाट्याहून भुजंग हाडवैद्याला आणवलं. त्यानं मनगट चाचपलं, मान हलवली आणि हुकूम सोडला, "अंडी आणा. पांढऱ्याचा लेप लावतो."

"अवो, ह्या घरात अंडं?" उमादेवींनी कानांवर हात ठेवले. "लिंगायताचं घर हाय हे!"

"मग उडदाचं पीठ आणा. पर आदीच सांगतो, हाड मग आपल्या मर्जीनं जुळंल."

उडदाच्या पिठाचा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या असा हात बांधून झाला. तळवा खाली, मूठ बंद, अन् दोन महिने हलवायचा नाही, असं भुजंगानं बजावलं. तेव्हा कुठं कल्याणरावांच्या डोक्यात खरी अडचण शिरली. इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर करायची असते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग रोज सकाळी तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात अन्न घालायचं. आयुष्यात त्यांचा एक दिवस चुकला नव्हता. तळवाच खाली आणि मूठ बंद, तर महादेवानं बसावं कुठं?

गावच्या भीमाशंकर स्वामींना बोलावलं. स्वामी म्हणाले, "तळवा वर अन् उघडा पायजे. त्याला इलाज न्हाई."

भुजंग म्हणाला, "तळवा वर केला तर माझी जिम्मेदारी न्हाई."

दुपारपर्यंत घासाघीस झाली. शेवटी तोडगा निघाला. तळव्यावरच्या पट्ट्या काढायच्या, बोटं मोकळी ठेवायची, आणि सकाळी पूजेपुरता हात हळूच वर वळवायचा. मात्र तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी मनगटाला खालून दोन्ही हातांनी आधार द्यायचा. उमादेवींची स्वतःची पूजा त्याच वेळी असायची. मग धरणार कोण?

"ज्यानं मोडला त्यानंच धरावा!" कल्याणराव आतल्या खोलीतून ओरडले.

आप्पाराव दारातच उभे होते. त्यांनी स्वामींना हळूच विचारलं, "मी मराठा माणूस. मी धरला तर चालंल का, स्वामी?"

"आंघोळ करून या म्हंजी झालं," स्वामी म्हणाले. "बसवण्णांनी कुणाला परकं म्हणलंय का?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आप्पाराव अंघोळ करून, थंडीनं कुडकुडत हजर झाले. कल्याणरावांसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांत ते मनगट असं धरलं, जणू चिमणीचं पिल्लू आहे. कल्याणरावांनी पूजा केली, हात काढून घेतला आणि तोंड फिरवलं. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी अबोला धरला होता.

राग खरं तर टाळीचा नव्हता. पेडगावचा होता. पण मुलीकडं राहायला निघालेल्या बापावर कुणी कसं रागवावं? जनाची नाही तर मनाची लाज वाटते. टाळीवर रागावता येतं. म्हणून सगळा राग त्यांनी टाळीच्या नावानं काढला, आणि तो पुरवून पुरवून काढला.

गावानं तर आप्पारावांची पार शोभा करून टाकली. पेठेत कुणी विनोद सांगितला आणि जवळ आप्पाराव असले, की ऐकणारे हात काखेत घालायचे. तालमीतल्या वस्तादानं त्यांना भर रस्त्यात नमस्कार केला. बिचारे आप्पाराव. त्यांना रात्री झोप लागत नव्हती आणि दिवसा जेवण जात नव्हतं. आपल्या हातानं दोस्ताचा हात गेला, आणि दोस्ताच्या तोंडचा आपल्या नावाचा शब्दही गेला, हे त्यांना सहन होत नव्हतं. पण पहाटे ते कधी चुकले नाहीत.

भुजंगानं मुदत भरल्यावर हात सोडला. सरळ होता. उमादेवींनी त्याला धोतरजोडी दिली. पुढच्याच आठवड्यात कल्याणराव डाव्या हातानं दुकानाच्या कुलपात किल्ली फिरवत होते, तेव्हा पुन्हा तोच आवाज झाला. कट्ट.

"बघा!" कल्याणराव पायरीवरच्या रिकाम्या जागेकडं बघून ओरडले. "त्या टाळीचाच जोर अजून उतरला न्हाई!"

भुजंग भडकला. "मी जुळवलेलं हाड किल्लीनं मोडत नसतंय. हे आतलं काय तरी येगळंच हाय. ह्याचा फोटू काढा. मी आता हात लावीत न्हाई." आणि तो गेला. जाताना धोतरजोडी मात्र त्यानं परत केली नाही.

फोटो काढायचा म्हणजे हैदराबाद. जिल्हा मुंबईत गेला होता, पण दुखणं मोठं असलं की बोरीच्या माणसाचे पाय अजून हैदराबादकडंच वळायचे. दुकान उमादेवींनी सांभाळायचं ठरलं. कल्याणरावांसोबत जाणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पूजा तर परगावीही व्हायला हवी. ज्याच्याशी बोलायचं नाही, त्यालाच बरोबर घेऊन कल्याणराव परभणीला आगगाडीत बसले.

प्रवासात त्यांच्या समोर वारंगलला चाललेला एक मिरचीचा व्यापारी बसला होता. त्याच्या नशिबी तो दिवस वाईट होता.

"ह्यांना सांगा, खिडकी लावा म्हणावं. वारा लागायलाय," कल्याणराव त्याला म्हणाले.

"त्यांना सांगा, लावतो. पर मग उकडतंय म्हणू नका म्हणावं," आप्पाराव म्हणाले.

"सांगा, की उकडलं तरी आमी काय म्हणणार न्हाई."

व्यापाऱ्यानं दोनचार स्टेशनं निरोप पोचवले आणि मग हात जोडून डबा बदलला. त्यानंतर मात्र कोणी बोललंच नाही. गाडी रात्रभर चालली. सकाळी हलत्या डब्यात आप्पारावांनी पाय फाकवून बूड टेकलं, दोन्ही गुडघ्यांत स्वतःचे कोपर रोवले आणि मनगट धरलं. डबा हलत होता, माणसं हलत होती, पाण्याचा तांब्या हलत होता, फक्त कल्याणरावांचा तळहात तेवढा स्थिर होता. त्या वेळी कल्याणरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की आप्प्या, दमलास का रं. पण ते त्यांनी बेलाच्या पानाबरोबर वाहून टाकलं.

दवाखान्यात हाताचा फोटो निघाला. थोड्या वेळानं नर्सनं विचारलं, रिश्तेदार कोण? दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून आप्पाराव आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते उपरण्यानं तोंड पुसत. काय झालं हे विचारायला कल्याणरावांची जीभ शिवशिवली, पण अबोला आडवा आला. मग डॉक्टरांनी त्यांनाही बोलावलं आणि काळा फोटो दिव्यापुढं धरला.

"देखो मियाँ, ये तुम्हारी हड्डी. इधर अंदर से पोली हो गई. पानी की थैली है. कब से दर्द था?"

"दिवाळीच्या आदीपासून," कल्याणराव हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हाडाच्या आत पाण्याची गाठ धरली होती. ती वाढत गेली आणि हाड वरून नुसतं टरफलाएवढं उरलं. ते आज ना उद्या मोडणारच होतं. टाळीनं मोडलं काय, किल्लीनं मोडलं काय आणि माशी उडवताना मोडलं असतं काय, सगळं सारखंच. आता गाठ खरवडून काढायची, कमरेच्या हाडाचे तुकडे त्या पोकळीत भरायचे आणि वर पलस्तर करायचं.

कल्याणराव त्या काळ्या फोटोकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढं हाड नव्हतं. पहाटे कुडकुडत येणारे आप्पाराव होते. आपण या माणसाला महिनोन्‌महिने काय वागवलं! आता बाहेर जाऊन सांगावं, की आप्पा, तुझा काही कसूर नाही. ते उठलेसुद्धा. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सांगितलं म्हणजे आप्पाराव मोकळे झाले. आणि मोकळे झाले म्हणजे पेडगाव. ते परत फिरले आणि डॉक्टरांना म्हणाले, "पलस्तर करताना तळव्याला एक खिडकी ठेवा, साहेब. आमचे महादेव बसत असतेत तिथं."

डॉक्टर हसले, पण त्यांनी खिडकी ठेवली.

ऑपरेशन होऊन बोरीला परत आल्यावर सगळं पूर्वीसारखंच सुरू झालं. पहाटे आप्पाराव यायचे, पांढऱ्याशुभ्र पलस्तराला खालून धरायचे. खिडकीत महादेव, बाहेर भस्म आणि बेल, आणि समोर दोन म्हातारे, तोंडं शिवल्यासारखी. उमादेवी एकदा वैतागून म्हणाल्या, "अवो, भावजींशी एक शब्द बोलावं की! दगड हायेत का तुमी?" कल्याणराव म्हणाले, "पूजेत बोलू ने." उमादेवींनी विचारलं, "अन् पूजेनंतर?" त्यावर त्यांनी दुकान उघडायची घाई केली.

मग परभणीला जाऊन पलस्तर कापून घ्यायचा दिवस आला. डॉक्टरांनी मनगट फिरवून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, एकदम पक्कं झालंय, वापरायला लागा. आप्पाराव बाहेर झाडाखाली थांबले होते. परतताना एसटीत बसल्यावर कल्याणराव कंडक्टरला मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर म्हणतोय, वरून बरं दिसलं तरी अजून आधार पायजे. लय दिवस पायजे." कंडक्टर म्हणाला, "मग मी काय करू? तिकीट घ्या." मागच्या बाकावर आप्पारावांनी मान डोलावली.

लबाडी करायची म्हणजे सवय लागते, आणि कल्याणरावांना ती नव्हती. दुकानात कुणी नसलं की ते डाव्या हातानं तेलाचे डबे सरकवायचे, आणि कुणी आलं की हात पोटाशी धरून बसायचे. एके दिवशी दुपारी त्यांनी गुळाची अख्खी भेली डाव्या हातावर तोलून वरच्या फळीवर ठेवली आणि वळून बघतात तो पायरीवर आप्पाराव.

"आई गं!" कल्याणराव विव्हळले आणि मनगट घट्ट धरून गादीवर बसले.

आप्पाराव त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले. किती महिने दोघांत शब्द नव्हता, पण आप्पारावांना राहवलं नाही. "लय दुखतंय का?"

"लय."

"पर तू धरलायस तो उजवा हाय."

कल्याणरावांनी खाली बघितलं. खरंच उजवा होता. आत उमादेवी फिसकन हसल्या. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. कल्याणरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांचे डोळे भरून आले.

"आप्पा, वर ये. बस. हात कवाच बरा झालाय. अन् दुसरं सांगतो. माझं हाड आदीच आतून पोकळ झालतं. दिवाळीच्या आदीपासून दुखत व्हतं, मी कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या टाळीचा काय बी कसूर न्हाई. मी लय वाईट वागलो तुझ्यासंगं."

"मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"हाडाचं. हैदराबादेत डॉक्टरनं तुझ्या आदी मला बोलावलं न्हवतं का? फोटू दावला. पाण्याची थैली दावली. आत बसून रडलो मी, कल्याणा. आपल्या हातानं झालं न्हाई म्हणून."

कल्याणराव थक्क झाले. "मग मला बोलला का न्हाईस?"

"तू बोलत न्हवतास. सांगू कुणाला?"

"अन् कसूर न्हाई हे कळल्यावर बी रोज पहाटं येत व्हतास?"

आप्पारावांनी उपरण्याच्या टोकाला गाठ मारली. "बोलत न्हवतास तू. म्हणलं, हात तरी धराया मिळायलाय."

उमादेवी पदर डोळ्यांना लावून चहा टाकायला आत गेल्या. दोघं म्हातारे हसले. खेचर आठवूनसुद्धा इतके कधी हसले नव्हते. चहा झाला, पान झालं. महिन्यांचा साचलेला बोलण्याचा ढीग होता, तो दोघं संध्याकाळपर्यंत उपसत बसले. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या आठवणीनं तर आप्पारावांना ठसका लागला.

दिवेलागणीला आप्पाराव उठले. पायरीवर थांबून म्हणाले, "म्हंजी हात आता बरा हाय."

"हाय."

"मग आता माझं तसं काय काम न्हाई."

इथं कल्याणरावांनी 'थांब' म्हणायचं होतं. एवढाच शब्द. आप्पाराव त्यासाठीच तर पायरीवर रेंगाळले होते. पण भांडण मिटलं होतं, आणि ज्याच्याशी भांडण नाही त्याला कुठल्या तोंडानं अडवायचं, हे कल्याणरावांना कळेना. लेकीच्या घरी जाणारा माणूस. ते म्हणाले, "न्हाई. काम असं काय न्हाई."

"कोकिळा बी लय वाट बघायली."

"बघणारच की. गेलं पायजे."

"गेलं पायजे," आप्पाराव म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ उभे राहिले.

चार दिवसांनी लिंबाजी गाडी घेऊन आला. या वेळी निरोप नीट झाला. येतो, जा, जपून राहा, पत्र टाका, सगळं रीतसर बोलून झालं. उमादेवींनी दशम्या बांधून दिल्या. गाडी वेशीकडं वळून दिसेनाशी झाली तरी कल्याणराव रस्त्यात उभेच होते.

"चला आत," उमादेवी म्हणाल्या. "गोड झालं शेवटी. कसं बी करून भांडण मिटलं एकदाचं."

"मिटलं," कल्याणराव म्हणाले. "आपून लय घाई केली."